काउंटरवर वाद झाला, मग वहीत काय लिहायचं? रुग्णालय प्रशासनातल्या कठीण प्रसंगांची नोंद

‘शनि. सायं. नातेवाइकांशी शाब्दिक वाद. समजूत काढली.’

आमच्या बिलिंग काउंटरच्या वहीतली ही नोंद. निळ्या शाईत, घाईघाईत लिहिलेली. त्या महिन्यात अशाच आणखी दोन नोंदी होत्या, त्याही शनिवारच्याच. तिन्हींखाली माझी सही आहे, कारण तेव्हा फ्रंट ऑफिसची इनचार्ज मी होते. चौथ्या शनिवारी एका पेशंटच्या भावाने फाइल उचलून काउंटरवरच्या मुलीच्या तोंडावर मारली. फाइलच्या पत्र्याच्या क्लिपने तिची भुवई फाटली, तीन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी त्या तीन नोंदी मी पुन्हा काढून वाचल्या. वाद किती वाजता झाला? पेशंट कुठल्या मजल्यावरचा होता? नातेवाईक किती वेळ ताटकळत होते, आणि नेमके कशावरून भडकले? वहीत यातलं काहीच नव्हतं. प्रसंग तीनदा घडून गेला होता आणि तिन्ही वेळा आम्ही ‘समजूत काढली’ म्हणून पान उलटलं होतं.

मुंबईतल्या ट्रस्टच्या, खासगी आणि पालिकेच्या रुग्णालयांत काउंटरवर, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी त्रयस्थ संस्था) डेस्कवर, एमआरडीत (जुन्या केस पेपरांच्या रेकॉर्ड विभागात), चौकशी खिडकीवर बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. पेशंट पडला, चुकीचं औषध गेलं, तर सिस्टर फॉर्म भरतात, क्वालिटीवाले विचारायला येतात. एनएबीएच (रुग्णालयांच्या गुणवत्तेची मान्यता) असलेल्या रुग्णालयांत तर ती सवयच झालेली असते. आपल्या बाजूचे प्रसंग मात्र ‘रोजचंच आहे’ म्हणून हवेत विरतात. एकाच नावाच्या दोन पेशंटांचे रिपोर्ट अदलाबदल होणं, डिपॉझिटवरून शिवीगाळ, मृतदेह ताब्यात देताना झालेला गोंधळ, एका सहकाऱ्याने दुसऱ्याला सगळ्यांसमोर बोलणं, रात्री सिस्टिम बंद पडून अ‍ॅडमिशन अडकणं हे सगळे नोंदवायचे प्रसंग आहेत. पुन्हा घडू नये असं वाटतं, तो प्रसंग लिहायचा.

आधी माणूस, मग कागद

पहिली दहा मिनिटं लिहायची नसतात. ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याला काउंटरवरून उठवा, आत बसवा, पाणी द्या, त्याची खुर्ची दुसऱ्या कुणाला सांभाळू द्या. लागलं असेल तर कॅज्युअल्टीत रीतसर केस पेपर काढूनच तपासणी करा. ‘आपलाच स्टाफ आहे, ड्रेसिंग करून टाक’ असं उरकलं, तर ती जखम कागदावर कुठेच राहत नाही.

तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी दोन कामं करायची. चिठ्ठीवर फक्त वेळा टिपायच्या: आवाज चढला कधी, सिक्युरिटी आली कधी, कुणाला फोन केला. आणि सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवण्याची लेखी सूचना आयटीला द्यायची. ठरावीक दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढतं, आणि प्रत्येक रुग्णालयाचे ते दिवस वेगळे असतात. तुमच्याकडे किती दिवस राहतं, हे आजच विचारून ठेवा. प्रकरण कोर्टात जाण्यासारखं असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग करून ठेवलं म्हणजे झालं, असं नाही.

मारहाण किंवा तोडफोड झाली असेल तर पोलिसांकडे जाण्याचा निर्णय त्या कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या गळ्यात टाकू नका. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या दुप्पट भरपाई मागता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने केंद्र सरकारी रुग्णालयांना लेखी बजावलं, की हल्ला झाल्यावर जास्तीत जास्त ६ तासांच्या आत संस्थाप्रमुखाने संस्थेच्या वतीने एफआयआर नोंदवावा. तुमचं रुग्णालय केंद्राचं नसलं तरी हा दंडक घेण्यासारखा आहे. तक्रार संस्थेच्या नावाने गेली की त्या मुलीला घरी जाताना गेटवर एकटीला कुणी अडवून ‘केस मागे घे’ म्हणत नाही.

एक प्रकार या वहीत अजिबात आणू नका, तो म्हणजे लैंगिक छळ. त्याची वाट वेगळी आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं जिथे काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, आणि गोपनीयता पाळणं कायद्यानेच बंधनकारक आहे. अशी गोष्ट कुणी सांगितली तर इनचार्जने ती ‘इन्सिडन्ट’ म्हणून लिहून दहा जणांच्या हाती देऊ नये. सांगणारीला समितीपर्यंत नेऊन पोचवावं.

त्याच शिफ्टमध्ये लिहा

‘उद्या शांतपणे लिहू’ म्हटलं की नोंद बिघडली म्हणून समजा. रात्रीत चार जण भेटतात, चार जण आपापलं सांगतात, आणि सकाळी आपल्याला त्या चौघांचं मिळून एकच आठवायला लागतं. हँडओव्हर देण्याआधी वीस मिनिटं काढा. बदली माणूस नसेल तर ती वीस मिनिटं इनचार्जने स्वतः काउंटरवर बसून द्यायची.

ज्याच्यावर प्रसंग आला त्यानेच लिहायचं. इनचार्जने ‘तू सांग, मी लिहिते’ म्हणत आपल्या भाषेत उतरवलं की नोंद गुळगुळीत होते. त्या चौथ्या शनिवारी टाके घालून झाल्यावर मुलीने जे लिहिलं, ते तिच्या परवानगीने खाली देते. ओळख पटेल असं काढून टाकलं आहे, बाकी तसंच आहे.

‘सायं. ६.४०, काउंटर २. चौथ्या मजल्यावरच्या पेशंटचे भाऊ आले. आज तिसऱ्यांदा आले, आधी साधारण दीड आणि साडेचारला आले होते. दोन्ही वेळा मी सांगितलं होतं, टीपीएकडून अप्रूव्हल यायचंय. आत्ताही तेच सांगितलं. ते म्हणाले, “सुबह से टीपीए, टीपीए. मैंने फोन किया, वो बोलते हैं हॉस्पिटल ने बिल भेजा ही नहीं.” मी सिस्टिम बघितली. बिल ६.०५ ला गेलेलं दिसलं. डिस्चार्ज सकाळी ११.१५ ला लिहिला होता. मी म्हणाले, “आत्ता गेलंय.” त्यांनी काउंटरवरची फाइल उचलली. पुढचं मला नीट आठवत नाही. सिक्युरिटी कोणत्या दिशेने आली ते पाहिलं नाही.’

ही नोंद आधीच्या तिन्हींना भारी पडली. तो माणूस खरं बोलत होता, हे तिने लपवलं नाही. आपण दिवसभर चुकीचं सांगत होतो, हेही लपवलं नाही. जे आठवत नाही ते आठवत नाही असं लिहिलं. आणि वेळा लिहिल्या. पुढे जे काही शिकलो ते त्या वेळांतून शिकलो.

पाहिलं, ऐकलं, वाटलं

आमच्या फॉर्मवर आता या तीन चौकटी आहेत, आणि माझ्या मते फॉर्ममध्ये एवढं असलं तरी पुरे. ‘नातेवाईक दारू प्यायलेले होते’ हे पाहिलेलं नाही, वाटलेलं आहे. ‘तोंडाला वास येत होता, बोलताना काउंटर धरून उभे होते’ हे पाहिलेलं आहे. ‘उद्धट वागले’, ‘नाहक हुज्जत घातली’, ‘सिस्टरने दुर्लक्ष केलं’ यांतला शब्द न् शब्द निकाल देतो. तो खोडा आणि त्या जागी काय घडलं ते लिहा. ‘वाटलं’ची चौकट मात्र रिकामी ठेवू नका. ‘मला भीती वाटली’, ‘असं पुन्हा होईल असं वाटतं, कारण शनिवारी नेहमीच असं होतं’ हे तिथेच येतं, आणि पुष्कळदा खरा धागा तिथेच सापडतो.

ऐकलेलं ज्या भाषेत ऐकलं त्याच भाषेत लिहा. आपल्या काउंटरवर एका तासात मराठी, हिंदी, गुजराती, भोजपुरी सगळं येतं. ‘बघून घेईन’ आणि ‘देख लेना, यहीं खड़ा हूँ’ यांत फरक आहे. पहिल्यात धमकी आहे, दुसरं नुसतं चिडून म्हटलेलंही असू शकतं. मराठीत उतरवताना तो फरक निघून जातो. शिव्यांचंही तेच. ‘अर्वाच्य भाषा वापरली’ या तीन शब्दांना ना पोलीस ठाण्यात वजन, ना बैठकीत. लिहायला लाज वाटते, विशेषतः नव्या मुलींना, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी ती चौकट वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात बंद करून द्यायची सोय ठेवा, पण शब्द मूळचेच राहू द्या.

सिक्युरिटीचे गार्ड, हाउसकीपिंगच्या मावशी, लिफ्टवरचे मामा यांनी सगळ्यात जास्त पाहिलेलं असतं आणि नोंदीत सगळ्यात कमी तेच असतात. बहुतेक जण एजन्सीचे. त्यांच्या मनात एकच भीती असते: नाव लिहिलं की एजन्सी उद्यापासून दुसऱ्या साइटवर पाठवेल, नाहीतर घरी बसवेल. ही भीती खोटी नाही. म्हणून त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत कुणीतरी लिहून घ्यावं, त्यांना वाचून दाखवावं, मगच सही किंवा अंगठा घ्यावा. आणि नोंद दिल्यामुळे कुणाला हलवणार नाही, हे प्रशासनाने एजन्सीला लेखी कळवावं. आमच्याकडे या एका पत्रानंतर गार्ड आपणहून येऊन सांगायला लागले.

नावं कुठे, खोडणं कसं, फोटो कुणाला

मूळ नोंदीत पेशंटचा आयपीडी (भरतीचा) नंबर आणि माणसांची पदं पुरेत: ‘काउंटर २ ची कर्मचारी’, ‘पेशंटचे भाऊ’. नावांची यादी वेगळ्या कागदावर, प्रशासकाच्या कपाटात. बैठकीत नोंद फिरेल तेव्हा नाव फिरत नाही, आणि माणसं मोकळेपणाने वाचतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून तर ही सावधगिरी आणखी गरजेची आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केस पेपरचा फोटो, भांडणाचा व्हिडिओ, पेशंटच्या भावाचा चेहरा यातलं काहीही टाकायचं नाही. ‘फक्त आपल्या स्टाफचा ग्रुप’ म्हणतात, त्यात नोकरी सोडून गेलेले किमान चार जण असतात.

ही नोंद पेशंटच्या केस पेपरला लावू नका. पण याचा अर्थ पेशंटपासून लपवायचं असाही नाही. प्रसंगाचा पेशंटवर काही परिणाम झाला असेल, म्हणजे रिपोर्ट अदलाबदल झाले, चुकीच्या माणसाला तपासणीला नेलं, तर ते केस पेपरमध्ये डॉक्टरांनी लिहायलाच हवं आणि नातेवाइकांना तोंडावर सांगायला हवं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांच्या आत रेकॉर्ड द्यावं लागतं. त्यात ही गोष्ट गाळलेली सापडली तर पुढचं सगळं बोलणंच खुंटतं.

चूक झाली तर व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही, तारीख, वेळ. मागाहून काही आठवलं तर जुन्या ओळीत घुसवू नका. खाली ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून आजची तारीख टाकून लिहा. खाडाखोड केलेली खरी नोंदही खोटी दिसते.

मेमो आणि नोंद एकाच दिवशी नकोत

सगळ्यात जास्त नोंदी इथेच मरतात. मुलीने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘मी दोनदा चुकीचं सांगितलं’, आणि दुसऱ्या दिवशी एचआरने तेच वाक्य उचलून मेमोत घातलं, तर त्या मजल्यावर पुढची दोन वर्षं ‘समजूत काढली’ शिवाय काही लिहिलं जाणार नाही. आमच्याकडे हे व्हायच्या बेतात होतं. मेमोचा मसुदा माझ्या टेबलावर आला होता. तो थांबवायला मला अधीक्षकांच्या केबिनमध्ये तासभर बसावं लागलं. नियम लेखीच करून घ्या: प्रसंगाच्या नोंदीतला मजकूर शिस्तभंगाच्या कारवाईत वापरायचा नाही. कुणी मुद्दाम काही केलं असेल, पैसे खाल्ले असतील, हात उचलला असेल, तर त्याची चौकशी वेगळी, पुरावे वेगळे, माणसं वेगळी.

‘मग चुकणाऱ्याला मोकळं सोडायचं?’ असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारलं होतं. मी त्यांना काउंटरवरच्या स्क्रीनसमोर नेऊन बसवलं. बिल टीपीएला गेलं की नाही हे पाहायला चार क्लिक करून दुसऱ्या विभागाच्या पानावर जावं लागत होतं, आणि समोर सोळा माणसं उभी होती. त्या खुर्चीत मीही ‘टीपीएकडून यायचंय’ असंच म्हटलं असतं, आणि थोड्या वेळाने तेही तसंच म्हणाले.

महिन्यातून एकदा, सगळ्या नोंदी टेबलावर

एकेकटी नोंद फार बोलत नाही. महिन्याच्या नोंदी एकत्र मांडा, विषयवार नव्हे, तर वार आणि वेळेप्रमाणे. आम्ही चार शनिवार मांडले, आणि पहिल्या तीन प्रसंगांच्या वेळा सिस्टिममधून नव्याने शोधून काढल्या. चारही संध्याकाळी सहा ते साडेसातच्या मधले. चारही पेशंट चौथ्या आणि पाचव्या मजल्यावरचे. चौघांचंही बिल उशिरा गेलं, कारण न वापरलेल्या औषधांची परती सिस्टिममध्ये उशिरा चढली, आणि ती चढल्याशिवाय बिल पूर्ण होत नाही. परती का रखडली? मजल्यावरची छोटी फार्मसी शनिवारी दुपारी एकला बंद होते. त्यानंतर उरलेली औषधं पिशवीत घालून तळघरातल्या मुख्य फार्मसीत न्यावी लागतात, आणि तिथे शनिवारी एकच माणूस, त्याच्यासमोर ओपीडीची रांग. परतीच्या पिशव्या त्याच्या पायाशी संध्याकाळपर्यंत पडून. मी स्वतः खाली जाऊन पाहिलं. प्लास्टिकच्या अकरा पिशव्या, प्रत्येकीवर बेड नंबर, आणि वर अकरा घरची माणसं काउंटरला टेकून उभी.

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांच्या आत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. आमचं घड्याळ ६.०५ ला सुरू झालं होतं. दोष आम्ही सकाळपासून टीपीएला देत होतो.

‘का’ विचारत खाली उतरायची ही रीत जुनीच आहे. एक काळजी मात्र घ्या: उत्तर माणसाच्या नावाशी आलं की थांबू नका, आणखी एकदा ‘का’ विचारा. खरेदीच्या फायली, साठ्याच्या वह्या, सह्या यांत किती काही दडलेलं असतं हे मुंबईने फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरॉल दिलं गेल्याने १४ पेशंट दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगासमोर औषधाबरोबरच खरेदीचा आणि अन्न व औषध प्रशासनाचा कारभारही उघडा पडला. कारकुनी टेबलावरचा कागद पेशंटच्या जिवापर्यंत पोचतो, हे आपल्या कामात कधी विसरू नये.

बैठकीत उपाय ठरवताना ‘कर्मचाऱ्यांना समज द्यावी’ आणि ‘प्रशिक्षण आयोजित करावे’ ही दोन वाक्यं मी खोडते. त्याने टेबलावरचं काहीच हलत नाही. आमचे उपाय असे होते: शनिवारी डिस्चार्ज ठरलेल्या पेशंटची परती सिस्टरने बाराच्या आत मजल्यावरच्याच फार्मसीत द्यायची, एकनंतर आलेल्या परतीसाठी तळघरात दुसरा माणूस, बिल गेल्याची वेळ काउंटरच्या पहिल्याच स्क्रीनवर दिसेल असं आयटीने करून द्यायचं. प्रत्येक उपायापुढे पद आणि तारीख. स्क्रीनच्या कामाला सात आठवडे लागले. तोवर फार्मसीतून काउंटरला फोन करून वेळ सांगायची आणि ती पाटीवर खडूने लिहायची.

नोंद लिहिणाऱ्याला उत्तर

ज्याने नोंद लिहिली त्याला आठवड्याच्या आत एक लेखी ओळ गेली पाहिजे: तुमच्या अमुक तारखेच्या नोंदीवर काय चाललं आहे. काही करता येणार नसेल तर तेही कारणासकट. ज्या विभागात ही ओळ जात नाही, तिथल्या नोंदी तीन महिन्यांत आटतात. मी दोन रुग्णालयांत हे पाहिलं आहे.

आणि जे थोडक्यात टळलं तेही लिहायला सांगा, त्यासाठी फॉर्म लागत नाही, वहीतली ओळ चालते. भुवईला टाके पडलेली ती मुलगी पंधरा दिवसांनी कामावर आली. सुरुवातीला आम्ही तिला आतल्या टेबलावर बसवलं, पण महिनाभराने तिनेच काउंटर २ मागून घेतलं. तिच्या अक्षरातली त्यानंतरची एक नोंद अशी आहे: ‘शनि. सायं. ६.५०. पाचव्या मजल्यावरच्या पेशंटची मुलगी चिडून आली. पाटीवर बघून सांगितलं, बिल २.२० ला गेलंय, मंजुरी ५.२० च्या आत यायला हवी होती, आली नाही. त्यांच्यासमोरच टीपीएला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. ७.०५ ला मंजुरी आली.’